ओल्या कचऱ्यावरचा घरगुती बायोगॅस : दोनेक वर्षं वापरून लिहितेय, घ्यायच्या आधी वाचा

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर, ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. वस्तू चांगली आहे, मागचं विज्ञान एकदम खणखणीत आहे, पण विकणारे जे आकडे तोंडावर फेकतात ते तुमच्या घरच्या कचऱ्याला लागू होत नाहीत. घरात तीन-चार माणसं आणि कचरा म्हणजे मेथीची देठं, बटाट्याची सालं आणि चहाचा चोथा एवढंच असेल तर पैसे वसूल व्हायचे नाहीत हे आत्ताच लिहून ठेवा. पण शेजारी खानावळ असेल, पिठाची गिरणी असेल, फळवाला ओळखीचा असेल आणि घरात रोज थोडा वेळ देणारं एक तरी माणूस असेल तर बिनधास्त घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे कापला ते खाली येईलच.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो, घरात सहा माणसं, मागे अंगण, उन्हाची जागा भरपूर. युनिट म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या दोन काळ्या टाक्या. खालची हजार लिटरची, वरचं तोंड कापलेली, आणि तिच्यात पालथी घातलेली साडेसातशे लिटरची. आत गॅस झाला की वरची टाकी हळूहळू वर उचलली जाते, वापरला की खाली बसते, त्यामुळे किती गॅस शिल्लक आहे ते स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच दिसतं, मीटर बिटर काही लागत नाही. एका बाजूला कचरा ओतायचा पाइप, दुसऱ्या बाजूने तेवढंच पातळ पाणी बाहेर येणार, वरून एक नळी शेगडीला. बस एवढंच. शेगडी धरून पंचवीस हजाराच्या आसपास खर्च आला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असंच डिझाइन बरेच जण बनवतात आणि मी जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

आता लोकांना पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे हे गोबर गॅसच ना, ते तर आमच्या गावात कधीच बंद पडलं. बरोबर आहे. खादी ग्रामोद्योगवाल्यांनी साठच्या दशकात लोखंडी डोमवाला गोबर गॅस देशभर नेला, पुढे १९८१-८२ पासून केंद्राची मोठी योजना आली, १९८४ मध्ये दीनबंधू नावाचं विटांचं स्वस्त मॉडेल आलं, आणि तरीही आज गावात फिरलात तर वाड्यामागे गंजून भोक पडलेले डोम आणि त्यावर वाळत घातलेल्या गोधड्या दिसतील. गाया-म्हशी कमी झाल्या, शेण घरात पुरेना, डोम रंगवायचा असतो हे कोणी सांगितलं नाही, आणि बिघडल्यावर दुरुस्त करायला कोणी आलं नाही. एवढं सगळं झाल्यावर लोकांनी सिलिंडर धरला तर त्यांचं काय चुकलं.

ओल्या कचऱ्याचा हा प्रकार मात्र वेगळ्या विचारातून आलाय आणि तो विचार पुण्यात झालाय, याचा मला उगाचच अभिमान आहे. डॉ. आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव, धोंडो केशव कर्व्यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ माणूस. त्यांनी १९९६ मध्ये आरती नावाची संस्था काढली, ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान तयार करायचं म्हणून. त्यांचं म्हणणं साधं होतं. गॅस तयार करणारे जंतू जर सजीव आहेत तर त्यांना शेण का खायला घालायचं? शेण म्हणजे गाईने पचवून त्यातलं चांगलं चांगलं काढून घेतल्यावर उरलेलं. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, तो करणारे जंतू गाईच्या पोटातही असतात, गाय रवंथ करताना जो ढेकर देते त्यात मिथेनच जातो, मग शेणात राहतं काय तर बहुतेक न पचणारा काष्ठ भाग. त्यापेक्षा जंतूंना थेट पिष्टमय, गोड, पचणारं अन्न द्या. आरतीचा आकडा असा आहे की दोन किलो अशा अन्नापासून सुमारे ५०० ग्रॅम मिथेन मिळतो आणि तो एका दिवसात, तेवढाच मिथेन शेणापासून काढायला ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात. या कामाला २००६ मध्ये लंडनचं अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. त्याच्या आधी २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या कामालाही त्यांना तेच मिळालं होतं.

इथपर्यंत सगळं मस्त. आता गंमत बघा.

आमच्याकडे जो विक्रीला आला होता त्याच्या माहितीपत्रकावर छापलं होतं, रोज दोन किलो किचन वेस्ट टाका आणि दोन तास गॅस मिळवा. खाली संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाचं ते रंगीत चक्र. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे खोड म्हणा काही म्हणा, हिशोब करून बघितला. स्टार्चच्या १६२ ग्रॅमपासून रासायनिक समीकरणाने जास्तीत जास्त ४८ ग्रॅम मिथेन निघू शकतो. म्हणजे दोन किलो कोरड्या स्टार्चपासून फार तर ५९० ग्रॅम. आरतीचे ५०० ग्रॅम म्हणजे एकदम बरोबर बसतात, काही फेकाफेकी नाही. पण ते कोरडं पीठ आहे हो! आपला ओला कचरा म्हणजे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणी. दोन किलो ओल्या कचऱ्यामध्ये कोरडा माल निघतो चारशे-पाचशे ग्रॅम, त्यातलाही काही भाग न पचणारा. प्रत्यक्षात एक किलो ओल्या कचऱ्यामागे साधारण शंभर लिटर बायोगॅस धरून चालायचं. घरगुती बायोगॅस शेगडीचा एक बर्नर तासाला चारशे-साडेचारशे लिटर गॅस खातो. म्हणजे दोन किलोचे झाले जेमतेम अर्धा तास. दोन तास कुठून आले तर कर्वेंचा पिठाचा आकडा कोणीतरी उचलला, त्यातला "पिष्टमय" हा शब्द गाळला आणि "किचन वेस्ट" लिहिलं. प्रयोगशाळेतला आकडा खराच होता, पण टेम्पोत चढताना त्याच्या अटी खाली पडल्या. हा माझा एक स्टार गेला, आणि तो वस्तूचा गेला नाही तर विकणाऱ्याचा गेला.

हा हिशोब आधीच केला असल्यामुळे आम्ही घेतला तो शेजारच्या खानावळीच्या जिवावर. त्या काकूंकडे रोज उरलेला भात, पोळ्यांचे तुकडे, वरण, परातीतलं पीठ असं चारेक किलो निघतं, पूर्वी ते कुत्र्यांना आणि गटारीला जायचं. आता बादली आमच्याकडे येते. आमचा घरचा दीड किलोच्या आत-बाहेर. सगळं मिळून पाच किलो धरा, की पाचशे लिटर गॅस, सव्वा तास एक बर्नर. सकाळचा चहा, दूध, डाळ-भाताचा कुकर आणि सासूबाईंचं अंघोळीचं पाणी एवढं यावर आरामात होतं. पोळ्या मात्र एलपीजीवरच, त्याचं कारण खाली सांगते.

भाताचं आणि पिठाचं गणित जमलं की हे यंत्र खरंच पळतं. गिरणीवाल्याकडे झाडून काढलेलं पीठ असतं, माणसाच्या उपयोगाचं नसतं, ते टाकलं तर दुसऱ्या दिवशी टाकी टम्म वर आलेली दिसते. पिकलेली केळी, आंब्याचा रस काढलेल्या साली, द्राक्षाच्या हंगामात खराब मणी, हे सगळं उत्तम. तेलकट उरलेलं थोडं थोडं चालतं, उलट तेलापासून मिथेनचं प्रमाण जास्त मिळतं. चालत नाही ते म्हणजे मोसंबी-लिंबाच्या साली (त्यातलं तेल जंतूंना मारक), नारळाच्या शेंड्या, अंड्याची टरफलं, हाडं, उसाचं चिपाड. आणि आमच्या भागातला खास प्रश्न म्हणजे कांदा. निफाड-लासलगावकडे कांद्याची टरफलं आणि सडका कांदा फुकट पोतंभर मिळतो, म्हणून लोकांना वाटतं चला फुकटचं खाद्य. पण कांद्यात गंधक भरपूर, म्हणजे गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि शेगडीचं पितळ काळं पडतं. शिवाय टरफलं पचत नाहीत, तरंगून वर साय धरतात. स्वयंपाकातला थोडाफार कांदा ठीक आहे, पोतं नको. वासासाठी नळीच्या मध्ये एक प्लास्टिकची बाटली जोडून त्यात लेथवाल्याकडचा गंजलेला लोखंडाचा कीस भरायचा, गंज गंधकाला धरून ठेवतो, कीस काळा पडला की उन्हात वाऱ्यावर टाकायचा किंवा बदलायचा. हे आम्हाला कंपनीने दिलं नव्हतं, विचारल्यावर ऑप्शनल आहे म्हणाले. ऑप्शनल कसं काय बुवा, स्वयंपाकघरात जाळायचाय ना तो गॅस.

सुरुवात कशी करायची ते थोडक्यात. पहिल्यांदा टाकी ताज्या शेणाच्या काल्याने (पाण्यात कालवलेल्या शेणाने) भरायची, कारण जंतू तिथूनच येतात, आणि मग दोन-तीन आठवडे धीर धरायचा. पहिला जो गॅस येतो तो पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो आणि टाकीत अडकलेली हवाही असते, म्हणून तो पेटवून बघायच्या भानगडीत पडू नका, दोन वेळा सोडून द्या. हवा आणि मिथेन एकत्र म्हणजे स्फोटाचं साहित्य. टाकी कायम उघड्यावर पाहिजे, बंद गच्चीच्या खोलीत किंवा जिन्याखाली ठेवायला कोणी सांगितलं तर त्याला हात जोडून नमस्कार करा. आणि खाद्य सुरुवातीला वाटीभर, मग हळूहळू वाढवायचं.

हे हळूहळू प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते माझ्या नणंदेकडे चांदवडला समजलं. आमचं बघून त्यांनीही घेतला, महिनाभर छान चालला, मग त्यांच्याकडे लग्न झालं आणि भाऊजींनी उत्साहाने मांडवातलं उरलेलं सगळं, मसालेभात, गुलाबजाम पाकासकट, जिलब्या, एका दमात आत ढकललं. दोन दिवस टाकी एवढी वर आली की ते फोटो काढून पाठवत होते. तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. टाकी वर, पण गॅस पेटत नाही, बाहेर येणाऱ्या पाण्याला आंबूस झणका.

झालं असं की आत दोन टोळ्या काम करतात. पहिले जंतू अन्नाचं आम्ल करतात, ते भराभर वाढतात, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. दुसरे, त्या आम्लाचा मिथेन करणारे, ते अतिशय सावकाश वाढणारे, ऑक्सिजन लागला की मरणारे आणि सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) साधारण ६.८ ते ७.५ च्या बाहेर गेला की संपावर जाणारे. एकदम गोड आणि पिष्टमय माल टाकला की पहिली टोळी आम्लाचा ढीग लावते, दुसरीला उपसायला जमत नाही, सामू खाली जातो, त्याने दुसरी टोळी अजूनच मंदावते, आणि गॅस येतो तो नुसता कार्बन डायऑक्साइड. भाऊजींना मी फोनवर सांगितलं की आठ-दहा दिवस आत काही टाकू नका, चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, बादलीभर ताजा शेणकाला घाला. महिना लागला पण पूर्ववत झालं. औषधाच्या दुकानात किंवा शाळेच्या लॅबचं सामान मिळतं तिथे सामू बघायच्या पट्ट्या मिळतात, शंभर-दीडशे रुपयांत पुडकं, बाहेर येणाऱ्या पाण्यात आठवड्यातून एकदा बुडवली की विषय संपला. कंपनीने पंचवीस हजाराच्या वस्तूबरोबर ही पट्टी दिली असती तर किती लोकांची युनिटं वाचली असती. पुस्तिकेत नुसतं लिहिलंय "क्षमतेपेक्षा जास्त वेस्ट टाकू नये", का टाकू नये ते नाही. आता कारण कळलं नाही तर भारतीय माणूस टाकणारच.

आणि हो, फिनेल, हारपिक, कपड्याच्या साबणाचं पाणी, उरलेली अँटिबायोटिक औषधं, यातलं काहीही त्या बादलीत जाता कामा नये. खानावळीच्या काकूंकडे भांडी घासणाऱ्या मावशींना हे समजावणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. काकूंनी शेवटी बादलीच वेगळ्या रंगाची आणली.

आता ज्योतीबद्दल. सिलिंडरच्या सवयीने बघितलंत तर निराश व्हाल. एलपीजी रेग्युलेटरमधून साधारण तीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने येतो, आपल्या तरंगत्या टाकीचा दाब त्यापेक्षा बराच कमी. शिवाय बायोगॅसमध्ये चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही, नुसता पाहुण्यासारखा येऊन जातो. म्हणून ज्योत मऊ, कमी गरम. टाकीवर दोन-चार विटा सारख्या अंतरावर ठेवल्या की दाब वाढतो आणि बराच फरक पडतो, पण एकाच बाजूला ठेवल्या तर टाकी तिरकी होऊन कडेने गॅस निसटतो. शेगडीचं छिद्रही मोठं लागतं, एलपीजीच्या शेगडीला नळी जोडून चालत नाही. डाळ-भाताला, दुधाला, पाण्याला हे मस्त, पोळ्या भाजायला तवा हवा तसा तापत नाही, भाकरी तर सोडाच. पुरी-भजी तळायचा हट्ट धरू नका. दिवसा उजेडात ज्योत जवळजवळ दिसत नाही, तेव्हा लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. एक फायदा, भांड्याला काजळी अजिबात नाही.

नळीत पाणी साचतं हाही प्रकार कोणी आधी सांगत नाही. गॅस दमट असतो, रात्री गार झाला की नळीत पाणी धरतं, आणि सकाळी ज्योत फडफड करायला लागते. नळीला टाकीकडे उतार द्यायचा, आणि जिथे सगळ्यात खोलगट भाग येतो तिथे पाणी काढायचा छोटा नळ बसवून घ्यायचा.

सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे आमची थंडी. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते पेपरात दरवर्षी येतंच, राज्यात नीचांकी म्हणून. मिथेनवाल्या जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, पंधराच्या खाली ते जवळपास झोपी जातात. त्यामुळे हिवाळ्यात आमचा गॅस निम्म्यावर येतो, फार कडाका पडला तर त्याहूनही कमी, आणि तेव्हा खाद्यही कमी करावं लागतं नाहीतर आंबट व्हायची भीती. आम्ही टाकीभोवती कांद्याच्या चाळीतलं जुनं बारदान आणि उसाचं पाचट गुंडाळून वरून काळा प्लास्टिक कागद बांधतो, कचरा दुपारी आणि कोमट पाण्यातून घालतो. फरक पडतो पण चमत्कार होत नाही. कोकणात किंवा मुंबईकडे राहणाऱ्यांना हा त्रास जवळपास नाहीच, तिथे हेच युनिट वर्षभर सारखं चालेल. म्हणजे बघा, एकच वस्तू, एकच पुस्तिका, पण रत्नागिरीला आणि निफाडला तिचं काम वेगळं. हा माझा कापलेला अर्धा स्टार, पण त्याला कंपनी तरी काय करणार, फक्त विकताना सांगायला हरकत नव्हती.

उन्हाळ्यात उलटी अडचण, गॅस जास्त होतो. टाकी पूर्ण वर आली की कडेने बुडबुडे सुटायला लागतात. लोक म्हणतात जाऊ दे हवेत, काय बिघडतं. बिघडतं. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसएक पट जास्त तापवतो, म्हणजे पर्यावरणासाठी युनिट आणायचं आणि गॅस तसाच सोडून द्यायचा हा मूर्खपणा. पाणी तापवा, जनावरांचं आंबोण शिजवा, काही करा पण जाळा. गावाला जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी खाद्य बंद करा. महिनाभर उपाशी राहिले तरी जंतू मरत नाहीत, परत आल्यावर वाटीने सुरुवात करायची.

या दोन टाक्यांच्या डिझाइनमध्ये मुळातच एक खोट आहे, दोन्ही टाक्यांच्या मधल्या फटीतून थोडा गॅस कायम हवेत जातो कारण तिथे काला उघडाच असतो. फटीसाठी वेगळं पाणी भरलेलं कडं असलेलं मॉडेल मिळतं, थोडं महाग पडतं, पण घेणाऱ्याने तेच घ्यावं असं मी म्हणेन. वासही त्याने खूप कमी होतो. बाकी वासाबद्दल लोकांना जी भीती असते ती फारशी खरी नाही, जवळ उभं राहिलं तर थोडा आंबूस वास येतो, अंगणाच्या पलीकडे काही नाही. वास मारायला लागला म्हणजे समजायचं आत काहीतरी बिनसलंय.

बाहेर येणारं पाणी हा बोनस, आणि खरं सांगायचं तर आमच्या सासूबाईंना गॅसपेक्षा याचंच कौतुक जास्त. नत्र, स्फुरद, पालाश गॅसबरोबर जात नाही, पाण्यातच राहतं, आणि नत्र झाडाला लगेच घेता येईल अशा रूपात असतं. एकास पाच-सहा पट पाणी घालून कढीपत्ता, गुलाब, जास्वंद, शेवगा यांना देतो. तसंच घट्ट ओतलं तर रोप करपतं. पण कोथिंबीर, पालक, कच्चं खायच्या भाज्यांवर वरून शिंपडू नका, टाकीतल्या कोमट तापमानाला सगळे रोगजंतू मरत नाहीत. हे "शंभर टक्के सेंद्रिय सुरक्षित अमृत" वगैरे छापणाऱ्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

आता सर्व्हिस. इथे आणखी अर्धा स्टार कापते आणि मग कोणी म्हणेल की साडेतीन कुठे राहिले, बेरीज चुकली, तर अर्धा सासूबाईंच्या कढीपत्त्याने परत मिळवून दिला असं समजा. बसवायला आलेला मुलगा चांगला होता, हुशार होता, पण त्याने कंपनी सोडली आणि त्यानंतर नंबर लागला की "सर मीटिंगमध्ये आहेत". व्हॉल्व्ह गळायला लागला तेव्हा शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरने साबणाचा फेस लावून गळती शोधली आणि साधा पितळी व्हॉल्व्ह बसवून दिला, तो आजतागायत चालू आहे. सुदैवाने या यंत्रात असं काहीच नाही जे गावातला प्लंबर दुरुस्त करू शकत नाही, आणि माझ्या मते या डिझाइनची सगळ्यात मोठी अक्कल तीच आहे. पाण्याच्या टाक्या, पीव्हीसी पाइप, नळी. पुण्यातल्या माणसाने हे मुद्दाम बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून जुळवलं होतं, म्हणूनच ते टांझानियात पण जाऊन पोचलं.

नेपाळचं उदाहरण मला यात फार आवडतं. तिथे १९९२ पासून घरगुती बायोगॅसचा कार्यक्रम डच मदतीने चालला, शेणावरचाच, जमिनीत पुरलेला घुमट, आणि डोंगराळ गरीब देशात लाखांच्या घरात संयंत्रं उभी राहिली. तंत्रज्ञान आपल्यापेक्षा काही भारी नव्हतं. फरक इतकाच की अनुदान मिळवायचं तर कंपनीला ठरलेल्या मापाने बांधावं लागायचं, तपासणी व्हायची, आणि बांधून झाल्यावर काही वर्षं येऊन बघायची जबाबदारी तिच्याच गळ्यात होती. आपल्याकडे अनुदान म्हटलं की उद्घाटनाचा फोटो होईपर्यंत सगळे हजर. शेणवाल्या संयंत्राला केंद्राच्या योजनेत आकारानुसार अनुदान असतं, ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत त्यांनी पंचायत समितीत कृषी विभागात चौकशी करा. त्यांच्यासाठी ते मॉडेल या छोट्या टाकीपेक्षा बरं.

सोसायटीवाले विचारतात त्यांच्यासाठी एक वाक्य, हे घरगुती युनिट पन्नास फ्लॅटला लावायचा विचार करू नका. मोठ्या प्रमाणावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळेंनी विकसित केलेलं निसर्गऋण तंत्रज्ञान आहे, त्यात कचरा आधी गरम आणि हवेशीर टाकीत मऊ करून मग मुख्य टाकीत जातो. माथेरानला त्यावर प्रकल्प उभा राहिला. तो प्रकार वेगळा, त्याला पगारी माणूस लागतो.

पैशाचं बोलूया. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजी. आमचे रोजचे पाचशे लिटर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, महिन्याचे पावणेसात किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास अर्धा. सिलिंडर नऊशेचा धरला तर महिन्याला सव्वाचारशे वाचतात, हिवाळ्यात कमी. पंचवीस हजार फिटायला पाच वर्षं, थंडी धरून साडेपाच. खानावळ नसती आणि नुसता घरचा दीड किलो असता तर महिन्याचे सव्वाशे, म्हणजे सोळा-सतरा वर्षं. तोपर्यंत टाकी उन्हाने तडकेल. हा हिशोब माहितीपत्रकावर कधी दिसणार नाही, म्हणून इथे लिहिला. ज्या घरात अजून चुलीवर स्वयंपाक होतो, उज्ज्वलाचा सिलिंडर आलाय पण भरायला परवडत नाही म्हणून कोपऱ्यात उभा आहे, त्या बाईसाठी हिशोब वेगळा होतो, तिथे धूर आणि सरपणाची पायपीट वाचते. पण तिच्याकडे पंचवीस हजार नसतात, आणि रोज पाच किलो शिळं अन्नही नसतं. शिळं अन्न उरतं ते शहरात, हॉटेलात, मंगल कार्यालयात. त्यामुळे हे यंत्र माझ्या मते खेड्यातल्या गरीब घरापेक्षा तालुक्याच्या गावातल्या खानावळी, आश्रमशाळा, वसतिगृहं यांच्यासाठी जास्त फिट आहे, जिथे अन्न उरतंही रोज आणि शिजतंही रोज. आश्रमशाळांनी तर खरंच विचार करावा, फक्त मुलांकडून टाकी ढवळून घेऊ नका, त्यासाठी माणूस ठेवा.

घेणार असाल तर विकणाऱ्याला एवढं विचारा : तुमचा गॅसचा आकडा कोरड्या पिठावरचा आहे की ओल्या कचऱ्यावरचा, थंडीत किती येतो, पाण्याचं कडं आहे का, गंधकाची बाटली किमतीत धरली आहे का, आणि तुमच्याच गावात एक वर्षाहून जुनं चालू युनिट कुठे बघायला मिळेल. शेवटच्या प्रश्नाला पत्ता मिळाला तर जाऊन बघा, तिथल्या बाईंशी बोला, साहेबांशी नको, कारण बादली त्यांच्या हातात असते. पत्ता मिळाला नाही तर दुसरा विक्रेता बघा.